तीनला काय होतं?

खडू माझ्या हातात होता आणि कान भिंतीकडे.

भिंतीपलीकडे शिक्षकांची खोली होती. तिथे माझ्या सासूबाई जुईला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जुई माझी मुलगी, तेव्हा अजून वर्षाचीही झाली नव्हती. वर्गाच्या मागच्या अंगाला यंत्रमागांची गल्ली होती. इचलकरंजीत कुठेही कॉलेज काढा, मागे मागांची गल्ली येतेच. खटखट खटखट असा तो आवाज दिवसभर चाललेला असतो आणि गावच्या माणसाला तो ऐकूच येत नाही. बंद पडला तरच ऐकू येतो.

"सुरू करा, मॅडम," शेवटच्या बाकावरून कुंभोजकर सर म्हणाले.

कुंभोजकर सर कोल्हापूरहून आलेले. गणिताचे निवृत्त प्राध्यापक, निवड समितीवरचे तज्ज्ञ. त्यांच्या शेजारी संस्थेचे अण्णा चौगुले टेकून बसले होते. अण्णांचे स्वतःचे माग होते आणि बोलताना त्यांचा आवाज चालू मागाशेजारी बोलल्यासारखाच चढा लागायचा.

"पोरांना कळंल असं शिकवा, म्हंजे झालं," ते म्हणाले. "लई इंग्रजी फाडू नका."

अकरावी सायन्सचा वर्ग. जागा एक आणि उमेदवार आम्ही दोघंच उरलेलो. दुसरा सांगलीचा हेरवाडे म्हणून होता. त्याचा पाठ माझ्या आधी झाला. बाहेर येताना हात झटकत तो मला म्हणाला, "सोपं आहे हो मॅडम. पोरं गरीब आहेत." त्याच्या शर्टावर खडू उडाला होता, बाकी काही नव्हतं. त्याच्या खांद्यावर कुणाची लाळ वाळलेली नव्हती. मी साडी नेसून निघाल्यावर जुईने माझ्या खांद्यावर तोंड पुसलं होतं, आणि तो डाग लपवायला मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. फळ्यावर लिहिताना तो सारखा घसरत होता.

ही जागा गेली तर पुन्हा कधी निघेल सांगता येत नव्हतं. एम.एस्सी. झालं, बी.एड. झालं, मग जुई. शिरीष, माझे मिस्टर, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, सायझिंगमध्ये, पाळीवर जायचे. ते आदल्या दिवशी म्हणाले होते, "बघ एकदा. नाही जमलं तर नाही. मग तू पोरीकडेच बघ." चांगल्या मनाने म्हणाले होते. पण ते 'मग' तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर भीती जागेची नव्हतीच.

जुई रडताना श्वास धरायची. सगळी मुलं रडतात तशी ती रडायची. आधी कुरकुर, मग राग, मग एक लांबलचक टाहो, इतका लांब की आतली सगळी हवा त्यात निघून जायची. त्यानंतर मुलं श्वास आत ओढतात आणि पुन्हा सुरू करतात. जुई कधी कधी ओढायचीच नाही. तोंड उघडं, आवाज नाही. ओठ जांभळे व्हायचे, अंग धनुष्यासारखं मागे ताठायचं. मग कुठून तरी श्वास यायचा, ती पांढरीफटक पडून झोपून जायची, आणि कुणी सांगितलंही नसतं की मधे काही झालं होतं.

कुणी सांगितलं नसतं, कारण कुणी पाहिलंच नव्हतं. जेव्हा जेव्हा झालं तेव्हा मी एकटी होते. सासूबाई स्वयंपाकघरातून येईपर्यंत पोर झोपलेली.

"गाढ झोपलीया की," त्या म्हणायच्या. "तुला भास हुतोय बघ. शिकल्याली बाई तू, असं घाबरून कसं चालंल?" आणि तरीही संध्याकाळी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायच्या. माझी आणि तिची, दोघींची.

डॉक्टर मात्र हसले नव्हते. "काही मुलं धरतात श्वास," ते म्हणाले. "अंगात लोह कमी असलं की जास्त. मोठी झाली की जातं. थेंब देतो लिहून. अशा वेळी कुशीवर ठेवायचं. हलवायचं नाही, बडवायचं नाही, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. श्वास आपोआप येतो."

"आणि नाही आला तर?"

"येतो," डॉक्टर म्हणाले. "पाणी घातलंत आणि ते श्वासनळीत गेलं, तर मात्र मी काही सांगू शकणार नाही."

आता सासूबाई एक गोष्ट फार अभिमानाने सांगायच्या. शेजारच्या यल्लव्वाच्या पोराला एकदा झटका आला होता. घरचे नुसते बोंबलत उभे, आणि सासूबाईंनी धावत जाऊन त्याच्या तोंडात पाणी घातलं, नाकाशी कांदा फोडून धरला. "तवा उठलं ते," त्या म्हणायच्या. "न्हाईतर गेलंच हुतं." ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. पूर्वी मला ती आवडायची.

त्या दिवशी सकाळी निघताना मी त्यांना पुन्हा सांगितलं होतं.

"आई, ती रडली तर रडू द्या. काही करू नका."

"मी तरी दुसरं काय म्हणती? रडल्यानं फुफ्फुसं मोकळी हुत्यात."

"पण गप्प झाली तर मला हाक मारा. मोठ्यानं."

त्या पिशवीत जुईची दुपटी भरत होत्या. हात थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रडली तर न्हाई, गप्प झाली तर हाक? जगाच्या उलटं बोलतीस बघ तू, सुचेता."

"आणि तोंडात पाणी घालू नका. काही झालं तरी."

"न्हाई घालत गं बाई. किती येळा सांगशील?"

त्यांनी ते ज्या सुरात म्हटलं, त्या सुरात त्या मला 'भाजीत मीठ कमी घालते' असंही म्हणायच्या आणि मग हवं तेवढंच घालायच्या.

तर असं होतं. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते आणि कुंभोजकर सरांनी विषय दिला होता. "रॅशनल फंक्शन. ते शून्य कुठे होतं, तुटतं कुठे. अवयव पाडून दाखवा. वेळ वीस मिनिटं."

मी एक रेघ ओढली. रेघेच्या वर लिहिलं, एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा. खाली लिहिलं, एक्स वर्ग वजा नऊ.

"वरच्याला काय म्हणतात?"

"अंश," वर्ग म्हणाला.

"खालच्याला?"

"छेद."

"अंश शून्य झाला आणि छेद शून्य नसला, तर काय होईल?"

"सगळंच शून्य, मॅडम."

"आणि छेद शून्य झाला तर?"

मग खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, "मग राडा, मॅडम."

वर्ग हसला. अण्णा तर मोठ्याने हसले. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात माझा खांदा जरा सैल झाला.

"बरोबर. राडा. शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे फंक्शनला किंमतच नाही. तिथे ते तुटतं. म्हणजे आपल्याला दोनच गोष्टी शोधायच्यात. शून्य कुठे होतं आणि राडा कुठे होतो. आता दोन्हींचे अवयव पाडू. गुणाकार सहा, बेरीज उणे पाच?"

"उणे दोन, उणे तीन."

वर आलं एक्स वजा दोन, एक्स वजा तीन. खाली एक्स वजा तीन, एक्स अधिक तीन. मुलांना येत होतं. हेरवाडे म्हणाला तशी ती गरीब नव्हती, हुशार होती. फक्त कुणी मराठीत विचारलं की त्यांना तोंड फुटायचं.

भिंतीपलीकडे जुईची कुरकुर सुरू झाली.

मागांच्या खटखटीत ती दुसऱ्या कुणाला ऐकू गेली नसेल. मला गेली. कुरकुर म्हणजे पहिली पायरी. भूक नाही, निघतानाच पाजलं होतं. जागा नवी, माणसं नवी. मी खडू उचलला.

"उडवा की मॅडम," खिडकीजवळचा तोच मुलगा म्हणाला. "तीन वर बी हाय, खाली बी हाय."

आणि मी उडवलं.

आधी ज्या शाळेत शिकवायची, तिथल्या मुलांना मी एकच गोष्ट बजावून सांगायची. आधी छेद बघायचा, तो कुठे कुठे शून्य होतो ते बाजूला लिहून ठेवायचं, आणि मगच काटायचं. काटल्यावर बघाल तर जे काटलं ते दिसणार नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतसुद्धा म्हटलं असतं. पण त्या वेळी पलीकडे जुई रागावली होती, दुसरी पायरी, आणि मी वरच्या वजा तीनवर एक तिरकी रेघ मारली, खालच्यावर एक मारली, आणि पुढे लिहून मोकळी झाले. एक्स वजा दोन, भागिले एक्स अधिक तीन.

"किती सुटसुटीत झालं बघा," मी म्हणाले. "शून्य कुठे?"

"दोनला."

"तुटतं कुठे?"

"उणे तीनला."

कुंभोजकर सरांनी मान खाली घालून काहीतरी टिपलं.

मी आलेख काढायला लागले. उणे तीनपाशी उभी तुटक रेघ. "डावीकडून येताना बघा, जसजसं उणे तीनच्या जवळ जाल, तसतसं फंक्शन वर, वर, आभाळात. रेघेच्या पलीकडे उतरलात की ते खाली पाताळात. तिथून वर चढत येतं, दोनला अक्ष ओलांडतं, आणि मग हळूहळू पुढे."

"मॅडम, भारी राडा हाय," मुलगा म्हणाला.

"हा राडा लांबूनसुद्धा दिसतो," मी म्हणाले. तोंड बोलत होतं. जुई आता टाहोवर आली होती. आवाज चढत गेला, चढत गेला, लांबत गेला. मी खडू आलेखावर तसाच टेकवून उभी राहिले. आता श्वास घे. आता ओढ आत.

"मॅडम," कुंभोजकर सरांचा आवाज आला. "तीनला काय होतं?"

"एक छेद सहा," मुलाने लगेच उत्तर दिलं. खरंच हुशार होता. काटलेल्यात तीन घातले होते त्याने.

"तुला नाही विचारलं. मॅडमनी सांगावं. तीनला काय होतं?"

मी फळ्याकडे पाहिलं. दोन तिरक्या रेघा. त्यांच्याखाली वजा तीन, खोडलेलं, तरी वाचता येणारं. मला कळलं मी काय केलंय ते. कळलं, पण ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, कारण मी दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होते आणि ती मागांच्या आवाजात ऐकू येत नव्हती. येत नाहीये की ऐकू येत नाहीये, एवढंच मला हवं होतं.

तेवढ्यात लाइट गेली.

त्या वर्षांत लोडशेडिंग रोजचंच होतं. पंखा मंदावला. गल्लीतला एक माग थांबला, मग दुसरा, मग सगळे. खटखट पार विरून गेली आणि अख्ख्या इमारतीवर अशी शांतता पडली की कुणाच्या तरी वहीचं पान उलटलेलं ऐकू आलं.

"गेली," अण्णा म्हणाले. "असू दे. आता तरी नीट ऐकू येईल. पोरगं बी गप्प झालं वाटतं पलीकडं. बरं झालं."

मी खडू ठेवला नाही. तो हातात तसाच घेऊन मी दारातून बाहेर पडले. मागे कुणीतरी "मॅडम?" म्हणालं. व्हरांडा लांब नव्हता, पण पदर पायात आला, मी भिंतीला हात टेकला आणि खडू तिथेच मोडला.

शिक्षकांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत कॉलेजची शांतामावशी, जी चहापाणी बघायची, ती स्टीलचा पेला घेऊन उभी होती. "घाला की तोंडात, आजी," ती म्हणत होती. "थोडं तरी घाला. पोर चाललं की हो."

सासूबाई तिच्याकडे पाठ करून कोपऱ्यात उभ्या होत्या. जुई त्यांच्या हातांवर होती, मागे ताठलेली, तोंड उघडं, ओठ जांभळे. सासूबाईंनी एका हाताने तिला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या तोंडासमोर आडवा धरला होता, जरा लांब. शांतामावशीचा पेला तिथपर्यंत पोचू नये म्हणून. मान त्या नुसती हलवत होत्या. नाही, नाही, नाही.

मी जुईला घेतलं आणि टेबलावर कुशीवर ठेवलं. हजेरीपटांवर. हाताने नुसतं धरून ठेवलं, पडू नये म्हणून.

"काही करू नका," मी म्हणाले. मलाच म्हणाले असेन.

त्या वेळात माझ्या डोक्यात काय होतं असं मला नंतर शिरीषनी विचारलं. काही नव्हतं. जुईच्या कानामागे एक केस चिकटला होता, तो मी बघत होते. शांतामावशी देवाचं नाव घेत होती. सासूबाई माझ्या शेजारी इतक्या जवळ उभ्या होत्या की त्यांचा श्वास मला ऐकू यायला हवा होता. आणि मग जाणवलं की त्याही तो धरून होत्या.

जुईच्या छातीत काहीतरी खेचलं गेलं. एक घोगरा, आत जाणारा आवाज. मग ती खोकली. मग ओठांवरचा जांभळा रंग काठाकडून निघत गेला आणि ती बारीक आवाजात रडली. मांजराच्या पिल्लाएवढं.

मी तिला उचलून खांद्यावर घेतलं. तिने लगेच डागावर तोंड पुसलं.

शांतामावशी पेला खाली ठेवून डोळे पुसत बाहेर गेली. सासूबाई खुर्चीवर बसल्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"हाक मारायला गेले मी," त्या म्हणाल्या. "त्वांडातनं आवाजच निघंना गं. तू म्हणलीवतीस हाक मारा. मला आवाजच फुटंना."

"असू दे, आई. आले ना मी."

"पाणी न्हाई घातलं. ती बाई लई मागं लागलीवती. मला बी वाटलं घालावं. पर तू म्हणलीवतीस."

"हो."

त्या जुईच्या पायाकडे बघत होत्या. तिच्या पायातला काळा मणी सरकून टाचेखाली आला होता. त्यांनी तो नीट वर केला, आणि हात तिथेच ठेवला.

"असं हुतंय व्हय गं?"

"असंच होतं."

"दर येळी?"

"दर वेळी."

खाली बघूनच त्या म्हणाल्या, "आन तू एकटीच बघत हुतीस."

इतके महिने मला वाटत होतं, कुणीतरी 'खरं आहे तुझं' म्हणावं. ते आता कुणी म्हटलं होतं, आणि मी खोलीच्या मध्यभागी मोडका खडू हातात घेऊन उभी होते.

"जा तू," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"वर्गात. अर्धं टाकून आलीस नव्हं?"

"नको आई. राहू दे आता. घरी जाऊ."

"राहू दे कसं? येवढं शिकलीस ते काय माझ्यासंगं भाकरी बडवायला?" त्यांनी हात पुढे केले. "दे हिकडं. आता मला ठावं हाय काय बघायचं ते. रडली तर बघायचं न्हाई. गप्प झाली तर बघायचं. कुशीवर ठेवायचं, पाणी न्हाई, कांदा न्हाई. आन हाक मारायची. आता निघंल आवाज. मघाशी पहिलीच येळ हुती माझी."

मी जुईला त्यांच्या हातात दिलं. मागे न बघता व्हरांड्यात आले.

वर्गात कुजबुज चालली होती, ती मी आत गेल्यावर थांबली. कुंभोजकर सर तसेच बसले होते. अण्णा घड्याळाकडे बघत होते.

"काय झालं, मॅडम?" सरांनी विचारलं.

"मुलगी रडताना श्वास धरते. आता बरी आहे." मी फळ्याकडे वळले. "सर, तुम्ही विचारलं होतं तीनला काय होतं. माझं चुकलं. मी आधी लिहून न ठेवताच उडवलं."

मोडक्या खडूचा छोटा तुकडा उरला होता. मी वर मूळ फंक्शनपाशी गेले. छेदातला खोडलेला एक्स वजा तीन पुन्हा गिरवला.

"मूळ छेदात तीन घाला. काय येतं?"

"शून्य," मुलं म्हणाली. खिडकीजवळचा मुलगा जरा थांबून म्हणाला, "वर बी शून्यच येतंय, मॅडम. मग दोनसारखा तीन बी झीरोच की."

"वर शून्य आणि खाली शून्य. शून्य भागिले शून्य किती?"

"सांगता येत न्हाई."

"सांगता येत नाही, म्हणून तिथे किंमत नाही. किंमतच नाही तर ती शून्य कशी असेल? दोनला फंक्शनची किंमत शून्य आहे. तीनला फंक्शनच नाही. म्हणजे हे दोन ठिकाणी तुटतं, एकाच नाही."

"पण मॅडम, आलेखात तर न्हाई तुटलेलं. तीनपाशी एकदम गुळगुळीत हाय."

"हो ना." मी आलेखापाशी आले. "उणे तीनला बघा, केवढा गोंधळ. कुणीही सांगेल इथे काहीतरी बिघडलंय. तीनपाशी काय दिसतं? डावीकडून नीट येतं, उजवीकडे नीट जातं. एक छेद सहाच्या दिशेनं जातं, अगदी जवळ जातं. आणि बरोबर तिथे नाही. लांबून बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. काटल्यानंतर बघणाऱ्यालाही कळत नाही. ज्यानं काटायच्या आधी बघितलंय, त्यालाच माहीत असतं."

मी तीनच्या वर, रेषेवर, एक बारीक पोकळ गोल काढला. आतला खडू बोटाने पुसला, भोक नीट दिसावं म्हणून.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, इतका वेळ गप्प असलेली, म्हणाली, "मॅडम, मग उडवायचंच न्हाई का?"

"उडवायचं. उडवल्याशिवाय पुढचं दिसत नाही. पण आधी बाजूला लिहायचं, एक्स बरोबर तीन नाही. आणि ते शेवटपर्यंत पुसायचं नाही."

मुलगी ते लिहून घ्यायला लागली. मग सगळेच लिहायला लागले.

"एक विचारू का, मॅडम?" अण्णा पुढे वाकले. रागावलेले नव्हते, पण माणूस हिशोबी होता. "नेमणूक झाली आणि तुमचं पोरगं रडलं, तर दर बारीला असं तासावरनं पळत जाणार काय?"

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मुलांसमोर विचारायला नको होतं त्यांनी. कुंभोजकर सरांनी घसा खाकरला.

"रडली तर नाही जाणार, अण्णा," मी म्हणाले.

त्यांना उत्तर कळलं नाही. पण पुढे विचारायला वेळ मिळाला नाही, कारण नेमकी तेव्हा पलीकडे जुई रडायला लागली.

माग बंद होते. पंखा बंद होता. आता ते रडणं सगळ्यांना ऐकू येत होतं. आधी कुरकुर, मग राग. अण्णांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुलांनीही पाहिलं. सगळे वाट बघत होते, मी आता जाते की मग जाते.

मी फळ्यावर दुसरं उदाहरण लिहिलं. "आधी छेद. कुठे कुठे शून्य?"

पुढे ती जागा मलाच मिळाली, आधी तासिका तत्त्वावर, मग कायम. जुईचं श्वास धरणं डॉक्टर म्हणाले होते तसं आपोआप गेलं. आता ती स्वतः अकरावीत आहे, आणि गणितात मी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. त्या शेवटच्या आजारात बोलेनाशा झाल्या, तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून त्यांचा श्वास ऐकत असायचे आणि हा दिवस मला आठवायचा. निवड झाली म्हणून नाही. शेवटी वर्गाचं दार उघडलं म्हणून.

कारण त्या दिवशी पलीकडचं रडणं चढत गेलं, टाहो लांबत गेला, लांबत गेला, आणि मी लिहीत राहिले. खडू बोटांत जेमतेम मावत होता. मुलं उत्तरं देत होती आणि ती मला ऐकूही येत होती. मग टाहो संपला. एक क्षण काहीच नाही.

मग जुईने श्वास आत ओढला, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा, आणि पुन्हा भोकाड पसरलं.

वर्गाचं दार थोडंसं उघडलं. फटीतून सासूबाईंनी डोकं आत घातलं. त्यांनी अण्णांकडे पाहिलं नाही, कुंभोजकर सरांकडे पाहिलं नाही. पदर नीट केला आणि मला एकटीला, पण साऱ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात, म्हणाल्या, "रडतीया गं नुसती. चालू दे तुझं."